आरपार बोल्ट

दुकानातून आलेल्या मुलाने ड्रिल मशीन भिंतीला टेकवलं आणि पिकल्या फणसात बोट जावं तसं बिट आत गेलं. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तांबडा भुगा सांडला.

"थांब जरा," मी म्हणालो.

"मऊ आहे भिंत, काका. चारही भोकं लगेच होतील."

लगेच होतील म्हणूनच मी थांबवत होतो. माझी सगळी नोकरी शाळेत मुलांना सुतारकाम आणि लोखंडाचं काम शिकवण्यात गेली. करवत फार सहज चालतेय असं दिसलं की मी ओरडत नसे, पण जवळ जाऊन बघत असे. बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी चाललेली असे.

मुलगा बिचारा भला होता. मी सांगितलं तसं त्याने त्या भोकात खोक्यातला प्लास्टिकचा प्लग ठोकला, त्यात स्क्रू आवळला, आणि मी पक्कड घेऊन स्क्रूचं डोकं ओढलं. स्क्रू, प्लग आणि मूठभर जांभ्याची पूड असं सगळं माझ्या हातात आलं. मग त्याने दुकानातला मोठा, लोखंडी, आत जाऊन फुगणारा फास्टनर लावून पाहिला. तो जसजसा फुगला तसतसा भोकाभोवतीचा चिरा, म्हणजे भिंतीतला जांभा दगड, आतून फुटत गेल्याचा बारीक आवाज आला.

"ती खिडकीकडची भिंत चांगली आहे," मुलगा म्हणाला. "तिथे लावून देतो."

तेवढ्यात खाटेवरून ठक ठक असा आवाज आला. अण्णा डाव्या हाताने खाटेची कड वाजवत होते. त्यांची मान नाही म्हणत होती आणि बोट होतं ह्याच भिंतीकडे.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, सुमतीचे थोरले भाऊ. कुडाळच्या बाजूला त्यांचं घर. एसटीच्या डेपोत ते हेड मेकॅनिक होते. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे आवाज यायचा, पण शब्द तोंडातच गोळा व्हायचा. आपला असा आवाज कुणी ऐकू नये म्हणून ते गप्प राहायला लागले होते. पुण्याहून त्यांचा मुलगा शैलेश दिवाळीला हा मोठा टीव्ही घेऊन आला. दिवाळी करून तो आणि सून कामावर परत गेले आणि नात केतकी सुट्टीपुरती इथे राहिली. टीव्ही लावून घ्यायचं माझ्यावर आलं होतं. सुमती जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्या घरात माझ्यावर कामं येत होती, ह्याचं मला बरं वाटायचं.

दुकानातल्या मुलाला अजून बांद्याला जायचं होतं. "मग तुम्हीच बघा काका," असं म्हणून तो खोकं ठेवून गेला.

केतकी भुग्यात बोट फिरवत बसली होती. पाचवीतली पोर, पण प्रश्न असे विचारायची की उत्तर दिल्यावर आपल्यालाच आधी नीट कळलं नव्हतं असं वाटावं.

"आजोबा, फास्टनर मोठा असून का नाही बसला?"

मी तिला स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणायला सांगितलं. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, "आता गूळ कशाला?" असं विचारत तो दिला आणि त्याही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी गुळात एक काडी खुपसली, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. खडा फुटला.

"फास्टनर आत जाऊन दोन्ही बाजूंना रेटा देतो. पक्की वीट असली तर ती उलट रेटते आणि तो अडकून बसतो. हा चिरा मऊ. तो रेटा सोसत नाही."

"मग ह्याला काय लावायचं?"

"तूच सांग." मी तिला गुळाचा दुसरा खडा दिला, दाभण दिलं, दोरा आणि बटण दिलं. "दोरा ओढला तरी सुटता नये, आणि गूळही फुटता नये."

तिने बराच वेळ खटपट केली. आधी दोऱ्याला गाठ मारून ती गुळात दाबली, ती सुटून आली. मग खडा उलटसुलट करून बघितला आणि दाभण हळूहळू फिरवत सरळ पलीकडे काढलं. दोरा ओवला, पलीकडच्या टोकाला बटण बांधलं आणि ओढून पाहिलं. बटण गुळावर सपाट बसलं. तिने ओढ वाढवली तरी काही झालं नाही.

मी शाबासकी द्यायच्या आतच खाटेवरून आवाज आला. जड, ओला, पण सगळ्यांना कळेल असा.

"आर... पार."

वहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. तीन महिन्यांत अण्णांनी असा पुरा शब्द उच्चारला नव्हता. मला आनंद झाला तो त्यांच्यातल्या मेकॅनिकसाठी. म्हटलं, माणूस आडवा पडला तरी हातातली विद्या जागी आहे. भिंतीला आरपार बोल्ट, पलीकडून रुंद पट्टी, पट्टीवर वॉशर आणि नट. मऊ चिऱ्याला तोच एक उपाय होता.

मग माझ्या लक्षात आलं की पलीकडे बापू राहतो.

हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं होतं. अण्णा एसटीत, धाकटा बापू पोस्टात. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधली भिंत एकच, आणि तिला एक दार. बापूला मूल नव्हतं. शैलेश त्या दारातून जेवायला इकडे आणि झोपायला तिकडे असाच मोठा झाला. दार मिटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग शैलेशचं लग्न ठरलं. अण्णा आणि वहिनींनी सगळ्या गावाला अक्षत दिली. घरोघर जाऊन, उंबऱ्यावर तांदूळ ठेवून, या म्हणून सांगितलं. बापूच्या दारात गेले नाहीत. घरच्याला अक्षत कसली, हे त्यांचं म्हणणं. आणि बापू वाट बघत बसला. आपण त्या पोराला खांद्यावर वाढवलं, परक्यांना अक्षत मिळाली आणि आपल्याला तेवढी नाही, हे त्याचं म्हणणं. लग्नाच्या दिवशी तो आणि त्याची बायको नवे कपडे घालून त्या मधल्या दाराजवळ बसून होती, कुणी बोलवायला येईल म्हणून. तिकडे कार्यालयात अण्णा, बापू येईल म्हणत मुहूर्त टळेस्तोवर फाटकाकडे बघत होते. मला दोन्ही गोष्टी माहीत आहेत, कारण सुमती दोन्ही घरांत रडली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी दार चिऱ्यांनी बुजवलं. त्यानंतर दर भाऊबीजेला सुमती अण्णांना ओवाळायची आणि तेच तबक घेऊन अंगणातून, रस्त्यावरून वळसा घालून बापूच्या दारी जायची. वाटेत वाऱ्याने निरांजन विझायचं. बापूच्या उंबऱ्यावर उभी राहून ती ते पुन्हा पेटवायची. शेवटच्या वर्षी मी काडेपेटी घेऊन तिच्याबरोबर होतो. ती म्हणाली होती, "माझ्यानंतर तुम्ही येत जा. ओवाळायला नको, नुसते या. दोन्हीकडे." मी तेवढं करत होतो. त्यापलीकडे काही करायची संधी मला तोवर मिळाली नव्हती.

टीव्ही लावायचा होता तो नेमका त्या बुजवलेल्या दारावर. म्हणूनच बिट इतकं सहज आत गेलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "राहू दे मग. टेबलावर ठेवू."

खाटेची कड पुन्हा वाजली. ह्या वेळी जोरात.

वहिनी थोडा वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. "मी काही त्या दारात जायची नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोण अडवतंय, भावोजी? तुम्ही दोन्हीकडचे."

मी केतकीला बरोबर घेतलं. मला मोजायला कुणीतरी हवं होतं, हे खरंच. पण बापूने शैलेशची मुलगी जवळून पाहिलेली नाही, हेही माझ्या मनात होतं.

बापू ओटीवर सुपाऱ्या सोलत बसला होता. त्याची बायकोही काही वर्षांपूर्वी गेलेली. मी सांगितलं ते त्याने मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "त्यांच्याकडे दुसरी भिंत नाही?"

"आहे. अण्णांनी हीच दाखवली."

"दाखवली म्हणजे? बोलतो तो?"

"आज एक शब्द बोलले."

"काय?"

"आरपार."

बापूने अडकित्ता सुपात ठेवला. उठला, आत गेला आणि आम्हाला या म्हणाला.

ते दार त्याच्या बाजूने जसंच्या तसं होतं. फणसाच्या लाकडाची चौकट, दोन फळ्या, वर गणपतीची टाइल. मला वाटलं होतं त्याने ते कधीच काढून टाकलं असेल. कडी गंजून धरली होती, ती त्याने हातोडीने ठोकून उघडली. दार उघडलं की समोर चिरे. ते पलीकडून रचलेले असल्यामुळे फटींतून चुना-सिमेंट इकडे ओघळून तसंच वाळलं होतं. त्याला कुणी गिलावा केला नव्हता.

मी केतकीला विचारलं, "आता सांग, ही बुजवलेली भिंत किती जाड आहे? भोक न पाडता."

तिने आधी चिऱ्यांवर हात फिरवला. मग पळत अंगणात जाऊन मूळ भिंत जिथे उघडी होती तिथे जाडी मोजून आली. मग चौकटीपासून आत चिऱ्यांपर्यंतची पोकळी मोजली आणि एकातून दुसरं वजा केलं. बापू हे सगळं बघत होता.

"एवढीच?" ती म्हणाली. "हा तर एकच चिरा आहे. मूळ भिंतीच्या निम्माही नाही."

"ह्यात टीव्हीमागची पट्टी मिळव, इकडची पट्टी मिळव, वॉशर, नट, आणि वर दोन बोटं," मी म्हणालो. "एवढा लांब बोल्ट. आणि टीव्हीच्या पाठीत जे चार बोल्ट जातात ते मात्र आखूड. तिथे लांब घातले तर आतलं फोडतील. बोल्ट कुठे थांबायला हवा हे आधी ठरवायचं, मग दुकानात जायचं."

बापूने केतकीला कोकमाचं सरबत दिलं. साखर जास्त झाली का म्हणून दोनदा विचारलं. आम्ही निघताना म्हणाला, "भावोजी, नट मी आवळीन. घरात दुसऱ्या कुणाचा वावर नको." आणि मग, "पोर आली तर चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोकं पाडायला घेतली. लांब बिट आणि बोल्ट कुडाळच्या बाजारातून आणले होते. चिरा फुटू नये म्हणून ठोका न देता, नुसतं फिरवत, मध्ये मध्ये बिट बाहेर काढत. अण्णांच्या खाटेवर धूळ जाऊ नये म्हणून वहिनींनी मच्छरदाणी सोडली, तर त्यांनी ती डाव्या हाताने बाजूला केली.

केतकी बापूकडे होती. भोक पलीकडे निघालं की ती "आलं" म्हणून हाक मारायची, मी बोल्ट घालायचो, बापू पलीकडून पट्टी आणि नट लावायचा. मी इकडून डोकं पान्याने धरायचो आणि तो आवळायचा. पान्यातून त्याचा जोर माझ्या हाताला कळत होता. वरचे दोन झाले, खालचा डावा झाला. चौथं भोक, उजव्या हाताचं खालचं, पाडून झालं तेव्हा केतकी धावत इकडे आली. हा बोल्ट मी घालणार, म्हणाली.

मी मशीन बंद केलं. घरात एकदम शांत झालं. केतकी वाकली आणि भोकाला डोळा लावला.

"आजोबा, मला धाकट्या आजोबांचा डोळा दिसतोय."

वहिनी दाराआड हसल्याचं मी ऐकलं. आणि मग त्या बोटाएवढ्या भोकातून बापूचा आवाज आला. भिंतीतून नाही, घरातूनच कुणी बोलावं तसा स्पष्ट.

"केतकी, अण्णा जागा आहे का गं?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते टक्क जागे होते. उशीवरून मान उचलण्याचा प्रयत्न करत होते. ओठ हलले. त्यांच्या घशातून आवाजाची सुरुवात झाली असं मला आजही वाटतं. पण शब्द गोळा होत होता आणि लाळ हनुवटीवर आली. वहिनी पदर घेऊन पुढे झाल्या. अण्णांनी तोंड मिटलं, मग डोळेही मिटले.

केतकीने जे पाहिलं तेच सांगितलं. मुलं तेच सांगतात.

"जागे होते. आता डोळे मिटलेत."

पलीकडे पाना उचलल्याचा आवाज आला. मग, "बरं. घाल बोल्ट."

मी वेळ काढला. केतकीला म्हटलं, आधी आट्यांना तेल लाव. वॉशर सपाट आहे का बघ. एक जादा नट बाहेर फिरवून बघ, अडकतो का. तिने सगळं नीट केलं. सांगितलेलं काम ती घाईत कधी करत नसे, आणि त्या दिवशी मला तिच्या सावकाशपणाची फार गरज होती. पण खाटेवर डोळे मिटलेलेच राहिले. शेवटी तिने बोल्ट भोकात सरकवला आणि तिकडचा उजेड गेला.

"आवळलास का, बापू?" मी विचारलं.

"आवळला."

माझ्या पान्याला ह्या वेळी जोर फारसा जाणवला नाही. म्हटलं थकला असेल. तीन बोल्टांवर असे दोन टीव्ही राहिले असते.

टीव्ही लागला. चित्र स्वच्छ होतं. शैलेशने फोनवरून सगळ्यांचं कौतुक केलं. केतकी सुट्टी संपवून पुण्याला गेली.

मी आठवड्यातून एकदा जात असे. आधी अण्णांजवळ बसायचो, मग रस्त्याने वळसा घालून बापूकडे. अण्णांचा टीव्ही दिवसभर चालू असे. पण बातम्या असोत की क्रिकेट, त्यांची नजर पडद्याच्या मधोमध नसायची. ती उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर असायची. मी हात हलवून पाहिला, बोट फिरवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले होते की अशा आजारात कधीकधी एका बाजूचं दिसत नाही. मी शैलेशला तसं कळवलं. टीव्ही थोडा बाजूला घेऊ का, असं मी एकदा अण्णांना विचारलं, तर खाटेची कड वाजली. नाही.

बापूकडे गेलो की तो टीव्हीबद्दल विचारायचा. नीट बसलाय ना, हलत नाही ना. मी म्हणायचो, तुझ्या हाताने आवळलाय, हलेल कसा. तो विषय बदलायचा. दोघांपैकी एकजण दुसऱ्याचं नाव काढेल, ह्याची मी प्रत्येक खेपेला वाट बघत असे. नाव काढायचे दोघेही, पण माझ्याजवळ.

चैत्रात अण्णा गेले. दुपारचं जेवण झाल्यावर, झोपेत. बापू अंगणातून आला, पुढच्या दाराने. बारा वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तेव्हा कुणीही त्याला या म्हटलं नव्हतं. त्याने खांदा दिला. सुतक पाळलं. तेराव्याला पंगतीत बसला, शैलेशने वाढलेलं जेवला आणि अंगणातून परत गेला.

चौदाव्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या की टीव्ही काढा. त्यांना तो समोर बघवत नव्हता. शैलेश पुण्याला घेऊन जाणार होता. खाट आधीच हलवली होती. मी भिंतीसमोर उभा राहून बोल्टांचा हिशेब लावत होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "ही भिंत त्यांनी स्वतः घातली होती, माहितीये ना? गवंडी बोलावला नाही. एकाच दिवसात, एकच चिरा उभा करून. मी म्हटलं, आतून दुसरा थर घ्या, पातळ होईल. तर म्हणाले, पातळच बरी."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

हेड मेकॅनिक माणूस. कोणत्या भिंतीत काय बसेल आणि काय बसणार नाही, हे माझ्याआधी त्यांना माहीत होतं. खिडकीकडची पक्की भिंत सोडून त्यांनी ही दाखवली. मी गुळाचे खडे फोडत केतकीला शिकवत होतो, आणि ते खाटेवर पडून मला एका दारी पाठवत होते. जिथे त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं, बोलता येत असतानाही आलं नव्हतं.

केतकी आली होतीच. तिला इकडे ठेवून, टीव्ही उतरवून, मी पाना घेऊन बापूकडे गेलो.

बापूने दाराची कडी काढली. ह्या वेळी हातोडी लागली नाही. कडी आवाज न करता सरकली.

आत चार बोल्टांची टोकं पुढे आली होती. आमच्याकडची दमट हवा. वरचे दोन्ही नट आणि खालचा एक तांबडे झाले होते, त्यांचा गंज पट्टीवर उतरला होता. चौथा, माझ्या डाव्या हाताचा खालचा, नव्यासारखा चमकत होता. त्याच्या आट्यांवर तेल होतं. खाली चौकटीच्या कोपऱ्यात शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी होती, बापूच्या बायकोची.

मी पाना लावायला गेलो. बापूने माझा हात बाजूला केला आणि दोन बोटांनी तो नट फिरवला. तो सहज फिरला. कधी आवळलेलाच नव्हता.

"म्हटलं, कधी बोलावंसं वाटलं त्याला, तर पाना शोधत बसायला नको," बापू म्हणाला. "मी संध्याकाळी इथेच बसायचो. टीव्हीचा आवाज यायचा."

मी त्याला एकच विचारलं. पुन्हा हाक का मारली नाहीस.

"एकदा मारली होती. त्याने डोळे मिटले."

त्या वेळी गप्प राहणं सोपं होतं. पण मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की मोजलेलं माप लपवायचं नाही, ते आपल्या मनासारखं नसलं तरी. म्हणून मी त्याला सांगितलं. अण्णांनी तो टीव्ही कधी पाहिला नाही. पाच-सहा महिने ते ह्याच कोपऱ्याकडे बघत होते, आणि आम्हाला वाटलं नजर गेली. त्या दिवशी डोळे मिटण्याआधी त्यांनी मान उचलली होती, ओठ हलवले होते, आणि तोंडातून शब्दाऐवजी लाळ आली.

"ह्या कोपऱ्याकडे?"

"ह्याच."

बापूच्या हातात तो नट होता. तो बोटांत फिरवत राहिला. मग त्याने बोल्टाच्या टोकावर अंगठा ठेवला आणि ढकलला. पलीकडून केतकीने तो ओढून घेतला. बोटाएवढा उजेड आमच्या अंगावर आला. बापू वाकला, एक हात चौकटीला धरून, आणि त्याने भोकाला डोळा लावला.

बराच वेळ तो तसाच होता.

"खाट कुठे होती?" त्याने विचारलं.

"समोरच. सरळ रेषेत उशी यायची."

तो उठला नाही. पलीकडून केतकीची पावलं आली, ती भोकासमोर उभी राहिली आणि थोडा वेळ उजेड अडला.

"आजोबा, बाकीचे तीन काढून झाले की भोकं बुजवायची ना? आजी विचारतेय. मी सिमेंट कालवू?"

मी बापूकडे पाहिलं.

"कालव म्हणावं तिला," तो म्हणाला. "आता काय."

तिला प्रमाण मी आधीच शिकवलं होतं, पाणी किती आणि बोटाने दाबत कसं भरायचं तेही. गंजलेले तीन नट काढायला मला बराच जोर लागला. तिने वरची दोन भोकं भरली, मग तिच्या डाव्या हाताचं खालचं. शेवटच्याला ती सावकाश आली. कुठेही पोकळी राहू नये म्हणून थर थर घालत होती, मी सांगितलं होतं अगदी तसं. उजेडाचा गोल एका बाजूने बारीक होत गेला. आधी अर्धा राहिला, मग एक टिकली, मग तीही गेली.

बापूने दार लोटलं. तेलाची कुपी उचलून त्याने आपल्या हातात धरली, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं आणि पुन्हा चौकटीच्या कोपऱ्यात, होती तिथेच ठेवून दिली.